पांढऱ्या बुधलीवरची बाई

टोपली समोरून गेली आणि मिक्कोसच्या हातातली रिकामी घागर सुटून ओढ्यात पडली. फुटली नाही, काठच्या चिखलात रुतून बसली. पण ती उचलायला तो वाकला नाही. फळीवरून ओढा ओलांडणारी म्हातारी एव्हाना वेशीच्या दिशेनं चालू लागली होती. काळं वस्त्र डोक्यावरून घेतलेलं, कमरेवर टोपली, टोपलीत लोकरीच्या फिती, मधाच्या दोन-चार वड्या आणि मधोमध उभी ठेवलेली एक पांढरी बुधली. अथेन्सच्या कुंभारवाड्यात जन्म गेलेल्या माणसाला असल्या टोपल्यांचं काय नवल? वेशीच्या आत कुंभार, वेशीच्या बाहेर मसणवटा. मधे भिंत आहे म्हणून दोन गावं म्हणायची इतकंच. मेलेल्यांना तेल न्यायच्या ह्या बुधल्या कुंभारवाड्यातच होतात आणि त्यांतल्या निम्म्यांवरची चित्रं मिक्कोसच्याच हातची असतात. ही पण त्याचीच होती, ते त्याला लांबूनही कळलं. थडग्याच्या पायरीवर बसलेली बाई, मान खाली, डावा हात वर नेऊन केसांची बट कानामागे सारतेय. अशा बायका त्यानं शेकड्यांनी काढल्या होत्या. फक्त ही बाई लिसिल्ला होती. त्याची बायको. आणि ती ह्या घटकेला घरी, काल संध्याकाळपासून, बाळंतपणाच्या कळा देत पडली होती.

तो फळीवर तसाच उभा राहिला.  मग त्यानं स्वतःला समजवायला सुरुवात केली, भ्यालेला माणूस समजावतो तसं, घाईघाईनं. टोपली हलत होती, ऊन डोळ्यावर होतं, रात्रभर झोप नाही, आणि माणूस ज्याचा विचार करतो तेच त्याला जिकडंतिकडं दिसतं. बायका काय, सगळ्याच केस कानामागे सारतात. पण करंगळी? बुधलीवरच्या बाईची करंगळी आत वळलेली होती. लिसिल्लानं लहानपणी भाकरीच्या तापलेल्या झाकणावर हात टेकला होता, तेव्हापासून तिची डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. सगळ्या अथेन्समध्ये अशी करंगळी दुसरी नसेल. चित्र काढताना त्याला ती दिसली नव्हती, आता दिसली. म्हणजे हातानं ती काढली होती आणि त्याला सांगितलं नव्हतं.

कधी काढली? आठ दिवस झाले असतील, फार तर नऊ. लेप वाळला होता, दुधाच्या सायीसारखा पांढरा, आणि त्याच्यावर बारीक कुंचल्यानं रेघ ओढायची ती न थांबता ओढावी लागते. थांबलात की गाठ पडते. म्हणून मिक्कोस चित्र काढताना चित्राचा विचार करत नाही. घरचा करतो. त्या दिवशी दुपारी लिसिल्ला उंबऱ्यावर बसून मसूर निवडत होती, पोट इतकं मोठं की सूप मांडीवर राहीना, म्हणून तिनं ते पोटावरच टेकवलं होतं, आणि बट सारखी पुढं येत होती. "बघत काय बसलायस," ती म्हणाली होती, "जा, तुझ्या मेलेल्या बायका वाट बघत असतील." तो हसत हसत कारखान्यात गेला आणि कुंचला उचलला. झालं. तेवढ्यात झालं असणार.

मेलेलीचं तोंड कुणाचंच नसावं, हे त्याला शिकवलं होतं त्याच्या काकानं. नाक सरळ, डोळा खाली, ओठ मिटलेले. बघणाऱ्याला ज्याचंत्याचं माणूस त्यात दिसेल, पण कुणाला आपण स्वतः दिसायला नको. काकानं स्वतः हा नियम एकदाच मोडला, तोही गंमत म्हणून. गल्लीत एक कोंबड्या विकणारा होता, नाक मोडलेला, तोंडाळ. काकानं त्याला बुधलीवर, मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यासमोर उभा केला, नावेत पाय टाकताना, मोडक्या नाकासकट, काखेत कोंबडी. सगळा कुंभारवाडा पोट धरून हसला, तो कोंबडीवाला पण हसला. बार्लीची कापणी व्हायच्या आत तो ओढ्याला पूर आलेला असताना वाहून गेला. काकानं त्या गोष्टीला कधी योगायोग म्हटलं नाही आणि दुसरंही काही म्हटलं नाही. फक्त त्यानंतर कुंचला धुताना तो पाणी तीन वेळा बदलायचा. मिक्कोस तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला वाटायचं, काका रंग वाया घालवतोय.

लिसिल्लानं तर मागे लागून सांगितलं होतं, मला काढ. लग्न झालं त्या वर्षी. "प्यायच्या प्याल्यात काढ, तळाशी. दारू संपली की मी दिसेन," म्हणाली होती, आणि त्यानं तिला नाही म्हटलं, कारण न देता. ती दोन दिवस फुगून बसली. "एवढ्या परक्या बायका काढतोस, घरची तेवढी नको." तो काय सांगणार? सांगायला काकाची गोष्ट होती, पण ती सांगितली तरी लागते असं त्याला वाटायचं. त्यानं तिला कधीच कशावर काढलं नाही. आणि काढलं तेव्हा कशावर काढलं.

घागर चिखलात तशीच सोडून तो कारखान्यात शिरला. सिमोस, त्याचा भागीदार, बुधल्यांना कान जोडत बसला होता. चाकावरचं काम सिमोसचं, रंगाचं मिक्कोसचं. सिमोस बसक्या नाकाचा, गुडघ्यापर्यंत मातीत, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला न घाबरणारा.

"झालं का बाळंत?" सिमोसनं मान वर न करता विचारलं.

"नाही. सिमोस, ती बुधली कुणाला दिलीस? बसलेली बाई. कानाशी हात."

"तुझ्या सगळ्या बसलेल्याच असतात की. उभं राहून त्यांना कुठं बाजारात जायचंय?"

"आज सकाळी दिलीस ती. सांग."

सिमोसनं आता मान वर केली. "तोंड बघ तुझं. राखेत लोळून आल्यासारखं झालंय. मिर्तिया घेऊन गेली ती. लोकर विणते बघ, वेशीच्या गल्लीतली. तिची लेक गेली ना. आज नववा दिवस."

नववा दिवस. मिक्कोसला त्या घराचं दार आठवलं. नऊ दिवसांपूर्वी तो त्या गल्लीतून रंगाची माती आणायला गेला होता आणि दाराशी पाण्याचं भांडं ठेवलेलं त्यानं पाहिलं होतं. ज्या घरात माणूस जातं त्या घरचं पाणी चालत नाही. शेजारच्या घरून भरलेलं भांडं दाराबाहेर ठेवतात, आत जाऊन आलेला प्रत्येक जण त्यात हात बुडवून मग रस्त्याला लागतो. भांडं दिसलं की लांबून कळतं. तो नेहमीसारखा रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निघून गेला होता. आणि त्याच दिवशी, म्हणजे तीच दुपार असणार, त्यानं ती बाई काढली. वाटेत दिसलेलं ते भांडं आणि उंबऱ्यावरची लिसिल्ला, दोन्ही एकाच डोक्यात घेऊन तो कामाला बसला होता. 

"काय झालंय काय?" सिमोस म्हणाला. "पैसे कमी घेतले का मी? नेहमीचीच होती, आत वाटी असलेली."

ही वाटी सिमोसची अक्कल. बुधली बाहेरून हातभर, पण गळ्याच्या आत एक छोटी वाटी जोडलेली. तेल त्या वाटीत मावेल तेवढंच. चार पळ्यांत तोंडापर्यंत भरलेली दिसते, खालचं पोट सगळं रिकामं. "जिवंताला तेल परवडत नाही आणि मेलेला मोजायला येत नाही," असं सिमोस म्हणायचा. रिकामं पोट भट्टीत फुटू नये म्हणून तळाशी एक बारीक भोक ठेवायचं, की आतली गरम हवा तेवढ्यातून निघून जाते. मिक्कोसला ही लबाडी पहिल्यापासून खटकत होती, पण बोलला कधी नाही, कारण बुधल्या खपत होत्या. आज मात्र त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं मेलेल्यांना पोकळ बुधल्या देत आलो, आता ते आपल्याकडून काही भरीव मागतायत.

तो कारखान्याबाहेर पडला. मागून सिमोस ओरडला की अरे, घर त्या बाजूला आहे. वेशीतून तो जवळजवळ पळतच निघाला. घरून ओरडण्याचा आवाज इथपर्यंत येणं शक्य नव्हतं, तरी त्याचे कान मागे होते. सकाळी तो ओसरीत बसला असताना आतून आवाज येत होता, आधी शिव्या, मग नुसता आवाज, आणि मग ज्या आवाजात लिसिल्ला आहे की दुसरंच कुणी हेही कळेना तसला. सुईण बाहेर येऊन सासूच्या कानाशी काही बोलली आणि सासूनं दुसरी सुईण आणायला शेजारणीला पिटाळलं. मिक्कोसनं विचारलं, काय झालं, तर सासूनं त्याच्या हातात घागर दिली. "पाणी आण. घरात थेंब राहिलेला नाही. बाप्यामाणसानं पाणी आणलं म्हणून आभाळ कोसळत नाही." कोसळलं होतं की. त्याला ते आता आठवलं, पाण्याचं, आणि पायही क्षणभर अडखळले. पण तो वळला नाही. पाणी कुणीही आणेल. बुधली तोच आणू शकत होता.

दोन वर्षांपूर्वी पण असंच झालं होतं, फक्त लवकर आटोपलं. मुलगा होता, रडला नाही. तान्ही मुलं सरणावर ठेवत नाहीत, भांड्यात ठेवून मातीत देतात. सिमोसनं न विचारता एक भांडं काढून दिलं, रुंद तोंडाचं, बाजूला थोडं चेपलेलं म्हणून विकलं न गेलेलं, आणि मिक्कोसनं ते उराशी धरून ह्याच रस्त्यानं नेलं होतं. परत आल्यावर लिसिल्लानं भिंतीकडे तोंड करून विचारलं, भांड्यावर काय काढलं होतंस? काही नाही, तो म्हणाला, साधं होतं. तिनं तोंड वळवलं नाही. मग म्हणाली, "काढायचं होतंस. काहीतरी. एखादा पक्षी तरी." त्या वेळी हात चालला नाही. त्याला अजून वाटतं की तो एक पक्षी त्यानं काढला असता तर घरातलं काहीतरी वेगळं झालं असतं. काय, ते त्याला सांगता येणार नाही.

मिर्तिया रस्त्यापासून जरा आत, ताज्या मातीच्या ढिगाशी बसली होती. दगड अजून घडून आला नव्हता, पायरी म्हणून एक साधी फरशी टाकलेली. तिनं फिती बांधायला एक काठी रोवली होती आणि वाऱ्यानं ती वाकडी होत होती. बुधली फरशीच्या कडेला, अजून खाली टेकवलेली नाही असं वाटावं इतकी कडेला ठेवलेली. चित्राची बाजू रस्त्याकडे होती. मिक्कोसनं मान वळवली, मग जबरदस्तीनं पाहिलं. लिसिल्लाच. ओठाच्या कोपऱ्यात ती हसू दाबते तेसुद्धा होतं. थडग्याच्या पायरीवर बसून ती हसू दाबत होती.

"मावशी," तो म्हणाला.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोण रे? सिमोसच्या दुकानातला ना तू?"

"हो. मावशी, सकाळची ती बुधली चुकून गेली तुमच्याकडे. तिच्यात खोट आहे. मी बदलून देतो. मोठी देतो, दोन देतो, काही घेत नाही."

"खोट कसली? गळते का?"

काय सांगावं ते त्यानं वाटेत ठरवलं नव्हतं. जे तोंडात आलं ते आजवर कुंभारवाड्याबाहेर कुणी बोललं नसेल. "आत पोकळ आहे ती. गळ्याखाली छोटी वाटी असते, तेल तेवढ्यातच. बाकी सगळी रिकामी. तुमच्या लेकीला चार पळ्या पण मिळायच्या नाहीत. ही फसवणूक आहे मावशी. मी तुम्हाला बुडापर्यंत भरणारी आणून देतो."

मिर्तिया त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी, घशात काहीतरी अडकल्यासारखं. तिनं त्याचं बोट धरलं आणि बुधलीच्या तळाशी, त्या बारीक भोकावर नेऊन टेकवलं. "हे काय उंदरानं पाडलंय? अरे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी हिच्या बापासाठी आणायला आम्ही दोघीच गेलो होतो. हिनंच टिचकी मारून वाजवून बघितली आणि म्हणाली, आई, ही घे, हिला तेल कमी लागतं. बापाला फसवलं तेव्हा खदखदून हसली होती. आता माझ्यावर रागवायला तिला तोंड आहे का?"

मिक्कोसचं बोट त्या भोकावरच राहिलं. त्याला वाटत होतं की आतून थंड वारा लागतोय. त्यानं बोट काढून घेतलं.

"खरं सांग, कशाला हवीय तुला?" म्हातारी म्हणाली.

त्यानं ते बोट वस्त्राला पुसलं.

"मी तुमच्या दुकानात तीन वेळा येऊन परत गेले. सगळ्यांची तोंडं एकासारखी एक. मेलेल्या सगळ्या बहिणी-बहिणी का रे असतात? मग ही दिसली." तिनं अंगठ्यानं चित्राला न लागता हवेतच त्या हातावरून रेघ ओढली. "माझी थेआनो अश्शी बसायची. लोकर पिंजताना केस तोंडावर आले की असा हात. मी तिला ओरडायचे, बांध म्हणून मेले ते केस. सिमोसनं काय मागितलं ते पण ऐकलं नाही मी, दिले आणि उचलली."

"कशानं गेल्या त्या?" विचारायचं नव्हतं तरी त्यानं विचारलं.

"बाळंतपणात. पोर आडवं आलं. तीन दिवस." ती मातीकडे बघून म्हणाली. "दोघं खाली आहेत."

 मिक्कोस खाली बसला, त्याच मातीच्या कडेला, आणि बसल्यावर लक्षात आलं की इथं बसायला नको होतं. आडवं. सुईण सासूच्या कानाशी काय बोलली असेल? दुसरी सुईण कशाला लागते? काल संध्याकाळी सुरू झालं, आज दुपार होत आली. तीन दिवसांतला एक झाला.

"तू काढलीस ना ही?" मिर्तियानं विचारलं.

"हो."

"माझ्या लेकीला बघितलं होतंस कधी?"

"नाही."

"मग ही कोण?" तिनं बुधली उचलून मांडीवर घेतली. आता तिचा आवाज बदलला होता. "असं नुसतं मनानं कुणी काढत नाही. इतका धावत आलास, भीक मागितल्यासारखी मागतोयस. तुझी कोणी असेल तर सांग मला. जितं माणूस मला माझ्या लेकीच्या उशाशी बसवायचं नाही. ही तुझी कोणी असेल तर घे आणि जा, मी रिकाम्या हातानं घरी जाईन. मला राग नाही. बोल."

तिनं बुधली पुढं केली. हात लांबवला असता तर मिळाली असती. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो शब्द रोज घरीदारी दहा वेळा तोंडात असतो. त्यानं तोंड उघडलं. समोर ताजी माती होती आणि तिच्याखाली ती दोघं, अर्ध्यावर राहिलेली, ज्यांची गोष्ट पुरी झाली नाही अशी. मागे ओळीनं दगड, भांडी, फिती. कुणीतरी ऐकत असतं इथं, तेलाची वाट बघत पडलेलं. इथं बसून बायको म्हणायचं? लिसिल्ला हे नाव ह्या मातीवर उच्चारायचं? आत्तापर्यंत चित्र नुसतं चित्र होतं. नाव घेतलं की ते बोट दाखवणं झालं, ही बघा, आमच्या घरी आहे, तुमच्याच वाटेवर आहे. नाही घेतलं तर ती इथंच बसून राहणार, हसू दाबत. दोन्हीकडून तेच होतं. तो इतका भ्याला होता की त्याला कमी भीतीचं कुठलं तेही निवडता येईना, आणि तोंडातून जे निघालं ते भीतीच बोलली.

"कुणी नाही," तो म्हणाला.

"कुणी नाही?"

"कुणी नाही. मनानं काढली."

मिर्तियानं त्याच्याकडे नीट पाहिलं, सूत बघतात तसं, कुठं कच्चं आहे ते शोधत. मग ती वळली. बुधलीचं तोंड मातीवर कलतं केलं, लेकीला दोन शब्द बोलली, आणि तेल लगेच संपलं. एवढं मोठं भांडं आणि दोन श्वासांत रिकामं. ती बुधली तिनं फरशीवर आता मधोमध ठेवली. आता ती थेआनोची झाली. थडग्यावर ठेवलेलं उचलणारा माणूस अथेन्समध्ये मेलेल्यांचा चोर ठरतो, ते मिक्कोसला ठाऊक होतं.

"जा घरी," ती म्हणाली. "आणि तुझ्या त्या कुणी-नाहीला सांग, सावकाश हो म्हणावं. माझ्या लेकीच्या सुईणीनं घाई केली."

तो परत निघाला तेव्हा पहिली शंभर पावलं त्याला काही वाटलंच नाही. मग एकदम वाटलं. आपण तिला नाकारून आलो. मसणवट्यात, दिवसाढवळ्या, एका बाईनं हात पुढं करून विचारलं असताना आपण म्हणालो की ही आमची कुणी नाही. म्हणजे घ्या, कुणाची नाही, बेवारशी आहे. ह्यापेक्षा नाव घेतलं असतं तर बरं. त्याला परत पळत जावंसं वाटलं, म्हातारी गेल्यावर ती बुधली दगडावर आपटून तिचे तुकडे करावेसे वाटले, आणि मग त्या तुकड्यांवर हात एकीकडे आणि मान एकीकडे पडलेली त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो वेशीच्या सावलीत भिंतीला हात लावून उभा राहिला. दोन बार्लीवाले पीठ सांडल्यावरून भांडत होते, त्यांच्यातला एक म्हणाला, ह्याला विचारा, हा बघत होता, तर तो नुसती मान हलवून पुढं गेला. ओढ्यावर आला तेव्हा चिखलात घागरीच्या बुडाचा गोल ठसा होता. घागर कुणीतरी नेली होती. पाणी. घरात थेंब नव्हता आणि त्याला पाण्याला पाठवलं होतं, ऊन कोवळं असताना, आणि आता सावल्या लांबायला लागल्या होत्या.

गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. कुंभारांच्या गल्लीत प्रत्येक दाराशी भांडी असतातच, वाळत घातलेली, पालथी, तोंडं जमिनीला. तो ती एकेक बघत पुढं आला. त्याच्या दाराशीही एक भांडं होतं. ते पालथं नव्हतं. सरळ उभं होतं, उंबऱ्याच्या उजव्या हाताला, जिथं ठेवतात तिथंच. आणि ते त्याच्या घरचं नव्हतं. तो काय, भांडी अंधारात चाचपून कुणाची ते सांगणारा माणूस; तो कान, त्या कानाखालचा बोटाचा दाब शेजारच्या घरातला होता. शेजारच्या घरून आलेलं, दाराबाहेर ठेवलेलं, भरलेलं भांडं. घरातून आवाज येत नव्हता. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं, आता काही म्हणजे काही येत नव्हतं.

तो भांड्यापाशी आला आणि आत पाहिलं. पाणी होतं. त्यात दाराच्या चौकटीचा तुकडा दिसत होता आणि त्याचं डोकं. मसणवट्यातून आलेल्या माणसानं हात धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, बाळंतिणीच्या घरात तर नाहीच. पण ह्या पाण्यात हात घातला तर मान्यच केल्यासारखं झालं, की हे भांडं त्यासाठीच आहे. न धुता आत गेलं तर थेआनोची माती आपणच आत नेणार. तो तसाच दोन्ही हात पाण्यावर धरून उभा राहिला.  नखांत माती होती, काळी, ओली. त्याला रडू येत होतं आणि ते बाहेर पडत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

दार उघडलं. बाहेर आली ती त्याच्या ओळखीची नव्हती, धिप्पाड, पदर खोचलेली, कोपरापर्यंत लाल हात. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही, सरळ हात भांड्यात बुडवले आणि पाणी लाल झालं. मग तिला तो दिसला.

"कोण रे तू? वाट सोड."

तो त्या लाल पाण्याकडे बघत राहिला.

"ऐकू येत नाही का? आतल्या बाईचा तू कोण?"

दुसऱ्यांदा विचारत होतं कुणीतरी, तेच, त्याच दिवशी. "नवरा," तो म्हणाला. मग, बाईला ऐकू गेलं होतं तरी, आणखी मोठ्यानं, घसा खरवडून, गल्लीत ऐकू जाईल, वेशीपलीकडं ऐकू जायचं तर जाऊ दे अशा आवाजात: "लिसिल्ला. माझी बायको आहे ती. मी तिचा नवरा, मिक्कोस."

"बरं बरं, कानठळ्या नको बसवूस," सुईण हात झटकत म्हणाली. "म्हणजे पाण्याला गेला होतास तोच ना तू? शेजारणीनं दिलं म्हणून निभावलं. मुलगी आहे. आडवी होती, वळवली मी. मुलगी झाल्याची लोकर दाराला बांध आणि आत जा, हात धुऊन. दुपारपासून तुझ्या नावानं शिव्या देतेय ती, आत्ता कुठं दमलीय."

त्यानं हात धुतले. त्या लाल पाण्यात, मनगटापर्यंत, नखातली माती निघेस्तोवर. मग तो आत गेला. आत अंधारच होता थोडा आणि रक्ताचा, तेलाचा, ओल्या लोकरीचा वास. कोपऱ्यात सासू भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती. लिसिल्ला गादीवर उठून बसली होती, मांडीवर गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ती मान खाली घालून मांडीकडे बघत होती. बट पुढं आली. तिनं डावा हात वर नेला आणि ती कानामागे सारली, करंगळी आत वळलेली. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं.

"हात खाली घे," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं. "काय?"

"हात. खाली घे."

"सकाळचा पाण्याला गेलेला माणूस," लिसिल्ला म्हणाली, आवाज बसलेला होता तिचा, "पाणी नाही, घागर नाही, आणि आल्या आल्या म्हणे हात खाली घे. ये इकडं. बघ तरी हिला." आणि बट पुन्हा पुढं आली, आणि हात पुन्हा वर निघाला.

तो गुडघ्यांवर चालत गेला आणि अर्ध्यावरच तो हात त्यानं धरला, दोन्ही हातांनी, आणि गादीवर दाबून ठेवला. पोर कसं दिसतं ते त्यानं अजून पाहिलं नव्हतं. लिसिल्लाला वाटलं, माया करतोय, म्हणून तिनं हात सोडवून घेतला नाही.